देव बरें करूं, सर

सर,

पुस्तक छापून येईल तेव्हा ऋणनिर्देशात तुमचं नाव घालायचं मनात होतं. तुम्ही नको म्हणालात. म्हणून हे बिननावाचं पत्र, तेही उघड, म्हणजे तुम्हाला ते फाडून टाकता येणार नाही.

तुम्ही भेटलात त्या गुरुवारी मी कादंबरीचा नाद जवळजवळ सोडला होता. विषय तुम्हाला पाठ आहे. ९ मार्च १९४३, इंत्रुजाचा, म्हणजे कार्निव्हलचा, शेवटचा मंगळवार, पोर्तुगीज गोव्यातलं मुरगाव बंदर. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून तिथे आसऱ्याला राहिलेली तीन जर्मन जहाजं, एरेनफेल्स, ब्राउनफेल्स, ड्राखेनफेल्स, आणि इटलीचं आन्फोरा. एरेनफेल्सवरच्या बिनतारी यंत्रावरून पाणबुड्यांना खबरा जातात, असा इंग्रजांचा वहीम. मग कलकत्त्याच्या कचेऱ्यांतले पोट सुटलेले हौशी इंग्रज घोडेस्वार ‘फीबी’ नावाच्या बार्जवरून आले, आणि त्या रात्री खलाशांनी आपलीच जहाजं पेटवून बुडवली. त्यानंतर कित्येक वर्षं इंग्रजांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. रहस्यकादंबरीला आणखी काय हवं?

आमच्या घरातलं रहस्य मात्र निराळं. आजोबा होडीतून त्या जहाजांना भाजी, केळी, नारळ पोचवायचे. त्या रात्रीनंतर त्यांनी बंदराकडची खिडकी खिळे ठोकून बंद केली. दिवाळीत फटाका वाजला की माजघरात जाऊन बसायचे. आईचा हात त्यांनी कधी हातात धरला नाही; मनगट धरायचे, वळ उठेपर्यंत. वाड्यावर कुजबुज होती की यानंच इंग्रजांना खबर दिली. पहिल्या खर्ड्यात मीही त्यांना हेर करून टाकलं होतं. सोयीचं होतं ते.

पुरावा म्हणून ट्रंकेत एकच कागद होता, पापेल सेलादवरच्या, म्हणजे सरकारी मुद्रांकित कागदावरच्या, अर्जाची नक्कल, पोर्तुगीजमधली. ती घेऊन एका कचेरीत मी चार खेपा घातल्या. पाचव्या खेपेला कळलं की पोर्तुगीज वाचणारे गृहस्थ केव्हाच निवृत्त झाले. मग एका विद्वानांकडे गेले. त्यांनी आधी पानाचा दर सांगितला, पैसे घेतले आणि एका वाक्यात निकाल दिला: जप्त झालेली होडी परत मागितली आहे, बाकी काही नाही. एका प्रकाशकांना तर त्या अर्जाच्या जागी जर्मन सुंदरी हवी होती. (प्रकाशकबाब, आजोबांच्या होडीत कांदे होते.)

आणि पणजीत पाटोवरच्या ग्रंथालयात शेजारच्या टेबलावरून तुम्ही नुसतं म्हणालात, “वाचूं?”

तुम्ही सावकाश वाचलंत. होडी का जप्त झाली तेही त्यातच होतं. जळत्या जहाजांवरून उड्या टाकलेल्या तिघांना आजोबांनी पाण्यातून ओढून काढलं होतं. मग ‘ऊ कुआर्तु’ म्हणून तुम्ही थांबलात आणि चष्मा काढलात. चौथा. त्याच्या हाताला तेल लागलेलं, हात निसटला. तुम्ही म्हणालात, “होडी मागायला तीन पुरे होते. हा चौथा लिहायची काय गरज होती त्यांना?”

एवढ्यावर मी समाधानानं घरी गेले असते. तुम्ही विचारलंत, घरात हे ऐकणारं कोण आहे? आई आहे, मी म्हटलं. गोवामुक्तीआधी पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे दुसऱ्या टप्प्यापर्यंत, शिकलेली, पण आता काचबिंदूनं वाचता येत नाही. पुढच्या गुरुवारी तुम्ही चार फुलस्केप कागद माझ्यापुढे ठेवलेत. अख्खा अर्ज, पोर्तुगीजच, पण देवनागरीत, तुमच्या मोठ्या टपोऱ्या अक्षरात. ‘इश्सेलेंतीसिमु सिञोर’पासून खालच्या सहीपर्यंत. मला एक शब्द न कळताही आईला तिच्या शाळेतल्या भाषेत वाचून दाखवता यावा म्हणून. आणि कुठे श्वास घ्यायचा तिथे लाल पेन्सिलीची बारीक रेघ.

सर, त्या रेघा मी विसरणार नाही. गोव्यात शहाण्या माणसांचा तुटवडा नाही, सभागृहं भरून वाहतात. पण आपण केलेलं काम पुढे कुणाच्या कानावर पडणार आहे, याचा विचार करून पेन्सिलीला टोक काढणारा माणूस मी पाच वर्षांत पहिल्यांदा पाहिला.

मी वाचताना आईनं माझे उच्चार सहा-सात ठिकाणी सुधारले. ‘मांव’ला सुधारला नाही. तोही चुकलाच असणार. हात, असा त्याचा अर्थ, तुम्हीच सांगितला होता. थोड्या वेळानं म्हणाली, “परत वाच.”

कादंबरीतली हेराची नऊ प्रकरणं मी काढून टाकली आहेत. होडी शेवटी मिळाली का, हे मात्र आई आता रोज विचारते. पुराभिलेखात शोधायला येतो म्हणालात ना, तर सोमवारी साडेनऊला पणजीच्या कदंब स्टँडवर थांबते. आईनं तुमच्यासाठी नेवऱ्या केल्या आहेत. तुम्हाला साखर वर्ज्य आहे, हे मी तिला सांगितलेलं नाही.