कुपोषण आणि मेंदू : उंदरांवरील प्रयोग पूर्ण सांगावेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बालकुपोषणावरील बातम्यांमध्ये ‘कुपोषणामुळे मेंदू कायमचा खुरटतो, हे प्राण्यांवरील प्रयोगांनी सिद्ध झाले आहे’ अशा अर्थाचे वाक्य वारंवार वाचायला मिळते. मी अनेक वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले आणि तेथील प्राणिगृहाची जबाबदारीही सांभाळली. या वाक्यात त्या प्रयोगांचा अर्धाच भाग येतो आणि राहिलेला अर्धा भाग मुलांच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे, म्हणून हे पत्र.

पांढऱ्या उंदराच्या मादीला बारा स्तन असतात. एका वेताला चौदा-पंधरा पिल्ले झाली की ओढाताण सुरू होते. दूध प्यालेल्या नवजात पिल्लाच्या पोटाच्या पातळ कातडीतून दुधाचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसतो. मोठ्या वेताचा पिंजरा सकाळी उघडला की दोन-तीन पिल्लांच्या पोटावर तो पट्टा नसे, आणि आठवडाभरात ती भावंडांहून लहान चणीची दिसू लागत.

केंब्रिजमधील एल्सी विडोसन आणि आर. ए. मॅककान्स यांनी 1960 च्या सुमारास प्रयोगासाठी याच ओढाताणीचा उपयोग केला. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची वाटणी करून त्यांनी काही माद्यांकडे फक्त तीन, तर काहींकडे पंधरा ते वीस पिल्ले सोपवली. तीन आठवड्यांनी दूध तुटल्यावर सर्वांना हवे तितके खाद्य मिळाले, तरीही गर्दीत वाढलेली पिल्ले मोठेपणीही लहानच राहिली. पुढे 1966 मध्ये मायरन विनिक आणि अडेल नोबल या संशोधकांनी डीएनए मोजून पेशींच्या संख्येचा अंदाज घेतला, कारण प्रत्येक पेशीत डीएनए जवळपास सारखाच असतो. दूध पिण्याच्या वयात अर्धपोटी राहिलेल्या पिल्लांच्या मेंदूतील पेशींची तूट नंतर भरपूर खाऊनही भरून निघाली नाही; तेवढाच काळ पण मोठ्या वयात अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांच्या पेशी मात्र आकारानेच लहान झाल्या आणि अन्न मिळाल्यावर पूर्ववत झाल्या.

म्हणजे प्रश्न वयाचा आहे. मेंदू झपाट्याने वाढण्याचा काळ प्रत्येक प्राण्यात निराळा असतो, हे ब्रिटिश संशोधक जॉन डॉबिंग यांनी आग्रहाने मांडले. गिनीपिगमध्ये हा काळ बहुतांशी जन्माआधीच संपतो, उंदरात तो दूध पिण्याच्या वयात येतो, तर माणसात गर्भारपणाच्या उत्तरार्धापासून निदान दोन वर्षांपर्यंत चालतो. उंदरात अनुमस्तिष्क, म्हणजे तोल आणि हालचाली सांभाळणारा मेंदूचा मागचा भाग, मुख्यतः जन्मानंतर वाढतो, म्हणून त्याला सर्वांत मोठा फटका बसतो आणि अशा उंदरांच्या हालचालींत अवघडलेपणा राहतो.

वर्तनाविषयीचे निष्कर्ष मात्र बातम्यांत जवळजवळ येतच नाहीत. बालपणी उपाशी राहिलेले उंदीर ‘मठ्ठ’ होतात असा सरसकट निष्कर्ष निघालेला नाही. ठळकपणे आढळले ते भित्रेपण, नव्या जागेत फिरून पाहण्याची अनिच्छा आणि किरकोळ त्रासालाही अति तीव्र प्रतिसाद. भुकेलेला उंदीर अन्नासाठी अधिक धडपडतो, त्यामुळे खाऊचे बक्षीस ठेवून घेतलेल्या चाचण्यांचा अर्थ लावणेही अवघड होते. कॉर्नेल विद्यापीठातील डेव्हिड लेवित्स्की आणि रिचर्ड बार्न्स यांनी 1972 मध्ये दाखवलेली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: अर्धपोटी पिल्लांना लहान वयात हाताळले आणि जास्तीचे अनुभव मिळू दिले, तर वर्तनातील हे दोष बऱ्याच अंशी टळले, एकटे ठेवलेल्या पिल्लांत ते अधिक गडद झाले. उपाशी पिल्लू आजूबाजूचे जग चाचपून पाहत नाही आणि त्यामुळे शिकण्याची संधीही गमावते, असा त्यांचा तर्क होता.

उंदरावरून माणसाचे अनुमान थेट काढू नये, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत असे. तरीही कुपोषित मुलाच्या छायाचित्राखाली ‘मेंदू कायमचा निकामी’ अशा अर्थाची ओळ छापणे मला क्रूर वाटते, कारण ती वाचणारी आई त्या मुलाशी बोलणे-खेळणेही व्यर्थ मानू लागेल. आपल्या वार्ताहरांनी अशा बातम्यांत मुलाचे वय आणि त्याच्या आईची गर्भारपणातील आबाळ आवर्जून नोंदवावी, अशी विनंती आहे. अंगणवाडीत तीन वर्षांपुढील मुले बसतात, गाणी म्हणतात, गरम आहार घेतात. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाच्या वाट्याला मात्र मुख्यतः घरी न्यायचे पाकीट आणि वजनकाटा येतो, आणि मेंदूच्या वाढीच्या नाजूक काळाचा मोठा भाग नेमका याच वयात येतो. त्या पाकिटाबरोबर अंगणवाडी सेविकेला बाळापाशी बसून आईशी अर्धा तास बोलता येईल, इतका वेळ आणि मानधन तिला मिळते का, याचाही शोध आपल्या वृत्तपत्राने घ्यावा.

आपला,
एक निवृत्त प्राणिशास्त्र प्राध्यापक, नाशिक