शिडी मागवू नका

प्रिय आई-बाबा,

रविवारी फोनवर आईने हसत हसत सांगितलं, की बाबांनी टेबलावर स्टूल ठेवून पॅसेजमधला बल्ब बदलला. तेव्हा मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र झोप येईना. बाबा, तुम्ही चौऱ्याहत्तर वर्षांचे आहात हे मी सांगण्यात अर्थ नाही, तो हिशोब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो. मला खटकलं ते वेगळंच. समोरच्या दारात सहा फुटी मुलगा राहतो, हे आईनेच मला सांगितलं होतं. त्याला का नाही बोलावलं म्हणून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "उगाच कशाला कुणाला त्रास?" आणि वर हेही, की आता शिडीच मागवतो, म्हणजे पुढच्या वेळी प्रश्नच नको.

या शिडीबद्दलच लिहायला बसले आहे.

आपल्या जुन्या घरातली शिडी आठवते ना? लाकडी, खालून तिसरी पायरी तारेने बांधलेली. ती आपल्याकडे कमी आणि लोकांकडे जास्त असायची. न्यायला आलेला माणूस दारात पाच मिनिटं बोलायचा, परत करायला आलेला पंधरा. कुणाच्या घरी गळती आहे, कुणाची बदली झाली, कुणाशी कुणाचं बिनसलंय, हे सगळं त्या शिडीबरोबर घरात यायचं. बाबा लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, आई पायरीवर बसून शेजारच्या पोरांची गणितं घ्यायची. मला वाटायचं, तुम्ही स्वभावाने चांगले म्हणून आपल्याला इतकी माणसं. आता वाटतं, तेवढंच कारण नव्हतं. माणसं यायची ती त्यांना काहीतरी हवं असायचं म्हणून, आणि येता येता आपली व्हायची. पण तुम्ही दोघांनी कधी कुणाचं दार वाजवून काही मागितल्याचं मला आठवत नाही. एकदाही नाही. नव्या इमारतीत येताना शिडी देऊन टाकलीत आणि देण्याजोगं काही उरलं नाही, म्हणून दारही बंद झालं. बरोबर ना?

चिडू नका. हा रोग मलाही तुमच्याकडूनच आला आहे, म्हणून ओळखता येतो.

तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण इथे राहायला येऊन तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. रात्री कचरा टाकायला बाहेर पडले आणि मागे दार ओढलं गेलं. किल्ली आत, फोनही आत. मजल्यावर सहा दारं, त्यातल्या चारांत दिवे. मी एकही बेल वाजवली नाही. जिन्यात बसून राहिले, दोन तास. शेवटी वरच्या मजल्यावरच्या एक बाई कामावरून आल्या. मला पाहून थबकल्या, घरात नेलं, किल्लीवाल्याला फोन लावला. त्या मला काय म्हणाल्या माहीत आहे? "बेल का नाही वाजवलीत?" आवाजात काळजी होती, पण थोडा रागही होता. मी त्यांना त्रास नको म्हणून थांबले होते आणि त्यांना ते परकं केल्यासारखं वाटलं. आता माझी जादा किल्ली त्यांच्याकडे असते आणि त्या गावाला गेल्या की त्यांच्या कुंड्यांना पाणी मी घालते. तीन वर्षं लिफ्टमध्ये नुसत्या माना हलवल्या, आणि ओळख झाली ती एका विसरलेल्या किल्लीमुळे.

तेव्हापासून याबद्दल मिळेल ते वाचत असते. बाबा, तुम्हाला पुराव्याशिवाय काही पटत नाही, म्हणून सांगते. माणसं एकमेकांना मदत मागायला का कचरतात, यावर अमेरिकेत फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या दोघांनी २००८ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात लोकांना सांगितलं, की अनोळखी पाच जणांकडून एक प्रश्नावली भरून आणा. त्यासाठी किती जणांना विचारावं लागेल? त्यांचा अंदाज होता साधारण वीस. प्रत्यक्षात दहाच्या आसपास लोकांना विचारून काम झालं. म्हणजे समोरचा नाही म्हणेल ही भीती आपण दुपटीने वाढवून ठेवतो. आणि अठराव्या शतकातल्या अमेरिकन मुत्सद्द्याची, बेंजामिन फ्रँकलिनची, गोष्ट तर तुम्हाला नक्की आवडेल. विधिमंडळातला एक सदस्य त्याच्या विरोधात होता. फ्रँकलिनने त्याची खुशामत केली नाही, त्याच्याकडचं एक दुर्मीळ पुस्तक काही दिवसांसाठी मागितलं. आठवड्याभरात आभाराच्या चिठ्ठीसह परत पाठवलं. पुढे त्या दोघांची मैत्री त्या गृहस्थांच्या मृत्यूपर्यंत टिकली. ज्याने एकदा आपलं काम केलं, तो पुन्हा करायला जास्त राजी असतो, असं फ्रँकलिनने स्वतःच लिहून ठेवलंय.

हे जिवावरचंही असू शकतं. १९९५ च्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेची भयंकर लाट आली, सातशेहून जास्त माणसं गेली. त्यात घरात एकटी राहणारी म्हातारी माणसं खूप होती. एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने शेजारी शेजारी असलेल्या दोन वस्त्या ताडून पाहिल्या. दोन्हीकडे गरिबी होती आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांचं प्रमाणही जवळपास सारखं. तरी एकीतला मृत्युदर दुसरीच्या दसपट. जिथे माणसं वाचली तिथले रस्ते गजबजलेले होते, दुकानं चालू होती, म्हातारी माणसं रोज बाहेर पडत होती. दुसऱ्या वस्तीतले रस्ते ओस पडले होते, लोक भीतीने दारं लावून घरात बसून होते. आई, हे तुला घाबरवायला लिहीत नाही. पण तू म्हणालीस ना, की चार दिवसांत खाली उतरले नाही, तेव्हा मला ही दुसरी वस्ती आठवली.

म्हणून आई, तुझ्यासाठी एकच. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी खाली जाऊन बस. जिना, लिफ्ट आणि लेटरबॉक्स जिथून दिसतात त्याच बाकावर. कुणाशी बोललंच पाहिजे असं नाही. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वसाहतीवर लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी केलेला. तिथे मैत्री कुणाची जमली? स्वभाव जुळलेल्यांची, असं आपण म्हणू. पण दिसलं असं, की शेजारच्याच दाराशी मैत्री सगळ्यात जास्त आणि चार दारं सोडून राहणाऱ्याशी अगदी कमी. आणि तळमजल्यावर जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावर जास्त ओळख, कारण वरचे लोक त्यांच्या दारावरून येत-जात. मैत्रीसाठी आधी फक्त पुन्हा पुन्हा दिसावं लागतं. इतकं सोपं आहे, हे कळल्यावर मला जरा अपमानच वाटला.

आणि प्रत्येकाशी गळामिठी नको. तुम्हाला जुनी माणसं आठवतात आणि नवी त्यांच्यापुढे फिकी वाटतात, हे मला समजतं. पण त्या नात्यांना तीस वर्षं लागली होती. इथे सध्या वॉचमनला नावाने हाक मारता आली, दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे ते माहीत असलं, तरी खूप. नाव विसरलात तर सरळ पुन्हा विचारा. त्याचं वाईट कुणाला वाटत नाही, वर्षभर "अहो" म्हणून वेळ मारून नेल्याचं वाटतं. (हे माझ्या बाबतीत झालंय. तपशील विचारू नका.)

इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र फार विसंबू नका. तिथे पाणी कधी येणार ते कळतं आणि गाडी कुणी आडवी लावली यावरून भांडणं होतात. वरच्या घरातल्या पोरांच्या धावण्याचा बाबांना त्रास होतो, तेही तिथे लिहू नका. वर जाऊन त्या पोरांची नावं आधी विचारा. तक्रार पुढच्या आठवड्यात करा, तोवर ती निम्मी झालेली असेल.

मागायचं कसं, यात माझा थोडा अनुभव. काम लहान असावं, नेमकं असावं आणि समोरच्याला नाही म्हणता यावं. "कधी वेळ मिळाला तर जरा मदत लागेल" असं मोघम बोललं की माणूस दचकतो. "शनिवारी दहा मिनिटं आहेत का, बल्ब बदलायचाय" याला लोक हो म्हणतात. नाही म्हणाला तर नाही; त्याच्या घरात काय चाललंय आपल्याला काय ठाऊक. आणि काम झाल्यावर लगेच परतफेड करायला धावू नका, बाबा. तुम्ही नक्की धावणार, म्हणून सांगते. त्याच दिवशी हिशोब चुकता केला की पुन्हा भेटायचं कारणच उरत नाही. थोडं देणं राहू द्या.

एक किल्ली समोरच्यांकडे ठेवता येईल का, याचा विचार करून ठेवा. पुढच्या महिन्यात मी येईन तेव्हा तिघं मिळून त्यांच्याकडे जाऊ.

तोवर शिडीची ऑर्डर रद्द करा. स्वयंपाकघरातला बल्बही लुकलुकतोय असं आई म्हणाली. तो कुणी बदलला, रविवारी फोनवर मला नावासकट सांगा.

तुमची,
ताई

(धाकट्याने हे पत्र वाचून दाखवलं तर त्यालाही सांगा, स्वतः स्टुलावर चढू नकोस.)