वाघ्याला फ्लॅटवर नेण्यापूर्वी

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुम्ही दोघे वाघ्याला पाथर्डी फाट्याच्या घरी नेणार, म्हणून त्याच्या शी-शूच्या सवयीबद्दल जे सांगायचे आहे ते लिहूनच पाठवतो आहे. फोनवर तू ‘हो बाबा, कळलं’ म्हणून मोकळी होतेस; शिवाय हे जावईबापूंनी आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनीही वाचायला हवे, कारण एका घरात तिघांच्या तीन तऱ्हा झाल्या, तर कुत्र्याच्या पिल्लाला त्यातून काहीच उमगत नाही.

तो शिकलेला आहे, अशा समजुतीत राहू नकोस. इथे मखमलाबादला मागचे दार उघडले की तो पायऱ्या उतरून पेरूखालच्या मातीत जातो आणि काम उरकून येतो, हे खरे आहे. पण ‘घरात करायचे नाही’ हे त्याला अजून कळलेले नाही, पायाखाली माती लागली की करायचे, एवढेच कळले आहे. पिल्ले अगदी लहान असताना आईच त्यांना चाटून शी-शू करवते आणि सगळे स्वच्छ करून टाकते. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून ती झोपायची जागा सोडून बाजूला जाऊ लागतात, आणि आठ-नऊ आठवड्यांची होईपर्यंत पायांना ज्या स्पर्शाची सवय लागते, तीच जागा त्यांना पुढे योग्य वाटते. वाघ्या मळ्यात मातीवर वाढला आणि आमच्याकडेही त्याला मातीच मिळाली. तुमच्या चौथ्या मजल्यावर सगळीकडे गुळगुळीत फरशी आहे, आणि पायाला मऊ लागेल अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे हॉलमधला गालिचा. तो आधी गुंडाळून माळ्यावर टाक.

गॅलरीच्या एका कोपऱ्यात पसरट घमेले किंवा उथळ ट्रे ठेव आणि त्यात इथल्याच अंगणातली माती भर. पेरूखालची माती मी पिशवीत भरून ठेवतो आहे, म्हणजे तिला त्याचा ओळखीचा वास असेल. वर्तमानपत्र मात्र पसरू नकोस. कागदावर शिकलेले पिल्लू पुढे कागदच शोधत हिंडते, आणि सकाळचा पेपर जमिनीवर पसरून वाचायची जावईबापूंची पद्धत तुला माहीतच आहे. त्याला खाली मोकळ्या प्लॉटवर नेण्याची घाईही नको. पिल्लांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत द्याव्या लागतात. वाघ्याचा तो कोर्स अजून पुरा व्हायचा आहे. पार्व्होचा, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा, विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, आणि त्या प्लॉटवर गल्लीतली सगळी कुत्री येऊन जातात. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर लिफ्टने खाली न्यावे. लिफ्टवरून सोसायटीत कोणी हरकत घेतलीच, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवाव्यात. पाळीव प्राण्यांना लिफ्ट नाकारू नये, असे त्यांत म्हटले आहे. खाली केलेली घाण मात्र आपणच उचलायची.

आता वेळांचे. झोपून उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत आणि खेळ थांबला की लगेच, या तीन वेळा चुकवायच्या नाहीत. पोटात अन्न पडले की आतडी हलू लागतात, त्यामुळे जेवणानंतरची वेळ तर बहुधा हमखास साधते. मूत्राशयावर खरा ताबा चार महिन्यांच्या पुढेच येऊ लागतो. वयाचे जितके महिने तितके तास, असा ढोबळ हिशेब धरतात, म्हणजे वाघ्याला आज फार तर तीन तास, आणि तेही तो झोपलेला असेल तर. जागा असताना तासातासाला न्यावे. तुम्ही दोघे कामावर असताना मावशींनी दुपारी एकदा यायलाच हवे. रात्रीही एकदा उठावे लागेल, तेव्हा मोठा दिवा लावू नये आणि लाडही करू नयेत, नाहीतर रात्री दोनला खेळायचे असते असा त्याचा समज होईल.

त्याची लक्षणे एकदा नीट पाहून ठेव. खेळता खेळता तो एकाएकी गंभीर होतो, तोंडातला चेंडू टाकतो, नाक फरशीला लावून अर्धा वळसा घेतो आणि कोणाकडेही न पाहता पडद्यामागे निघतो. त्यानंतर हातात काही क्षणच असतात. त्याला उचलून गॅलरीत ठेव, न बोलता उभी राहा, आणि त्याचे झाले की तिथेच, त्याच क्षणी शाबासकी दे आणि उकडलेल्या चिकनचा शेंगदाण्याएवढा तुकडा दे. आत येऊन डबा उघडून दिलेले बक्षीस त्याला आत येण्याबद्दल मिळाल्यासारखे वाटते. बक्षीस म्हणून द्राक्ष किंवा मनुका चुकूनही देऊ नका. मळ्यातून पेटी आली की आपल्याकडे जो येईल त्याच्या हातावर द्राक्षे ठेवली जातात, पण कुत्र्याची मूत्रपिंडे त्याने निकामी होऊ शकतात. कांदा घातलेला चिवडाही नको. दुधाचा आग्रह तुझी आई धरील, तो मोडून काढ. पुष्कळ पिल्लांना दूध पचत नाही, आणि पोट बिघडले की सवयीचे सगळे वेळापत्रक कोलमडते.

फरशीवर झालेच, तर नाक घासायचे नाही आणि पेपरची गुंडाळीही उगारायची नाही. हा उपाय आपल्याकडे अजून छातीठोकपणे सांगितला जातो; तो क्रूर आहेच, शिवाय निरुपयोगी आहे. पिल्लू त्यातून इतकेच शिकते की माणसांसमोर करणे धोक्याचे आहे, आणि मग ते सोफ्यामागे जाऊ लागते. त्याचा अपराधी चेहरा हा तुमच्या चढलेल्या आवाजाला दिलेला प्रतिसाद असतो, पश्चात्ताप नव्हे. करताना दिसला तर ‘अंहं’ म्हणून उचलावे. नंतर दिसले तर मुकाट्याने पुसावे. मावशींना फिनेल वापरू देऊ नकोस. त्याचा उग्र वास आपल्या नाकाला फसवतो, कुत्र्याच्या नाकाला नव्हे, आणि कुत्रा पाय चाटत असल्यामुळे फिनेल त्याच्या पोटातही जाते. अमोनिया असलेले क्लीनर तर लघवीच्याच वासाशी मिळते. प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचे, म्हणजे वासाचे मूळच मोडून टाकणारे, क्लीनर मिळते, तेच आणावे.

तुम्ही दार उघडताच तो आनंदाने थेंब-थेंब शू करील. ती सवयीतली चूक नाही. दोन मिनिटे त्याच्याकडे न पाहता आत जावे, अंगावर वाकू नये, वाढत्या वयाबरोबर ते बहुधा आपोआप थांबते. पण तो दिवसभर पुन्हा पुन्हा थोडी थोडी शू करू लागला, कुंथू लागला किंवा लघवीत लाली दिसली, तर शिकवणुकीला दोष न देता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

तुझे,
बाबा