ऑक्सिजन २१ टक्केच असतो, कमी होतो तो दाब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला लडाख ट्रिपचा लेख मस्त जमलाय, फक्त 'लेहच्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं' हे खटकलं. प्रमाण तेवढंच असतं हो, इथे सदाशिव पेठेत २१ टक्के आणि तिथेही २१च. कमी होतो हवेचा दाब. लेह साडेतीन हजार मीटरवर, दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणजे छाती भरून श्वास घेतला तरी हाती ऑक्सिजन कमीच लागतो आणि तो रक्तात शिरायला जोरही कमी पडतो. गेल्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा पुण्याहून नेलेलं वेफर्सचं पाकीट बॅगेत उशीसारखं टम्म फुगलेलं, आणि मी बूट काढायला वाकलो तरी धाप.

मग जानेवारीत भिगवणला पक्षी बघायला गेलो, नाववाले काका म्हणाले, ते बघा साहेब, पट्टकादंब हंस, हिमालय ओलांडून आलेत. डोक्यावर दोन काळे पट्टे, काठावर निवांत गवत खात होते, आमच्याकडे बघितलंही नाही. ट्रॅकर लावलेला एक तर जवळजवळ ७,३०० मीटरवर उडताना नोंदला गेलाय, तिथे दाब निम्म्याहूनही कमी! पक्ष्यांच्या फुफ्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, श्वास घेताना आणि सोडतानाही ताजीच, आपल्यासारखी आत-बाहेर होऊन शिळी हवा उरत नाही. त्यात याचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त घट्ट पकडतं. आणि मला सगळ्यात भारी वाटलं ते हे, की आपण जोरजोरात श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि चक्कर येते, याला तसं होत नाही, हा खुशाल धापा टाकत उडू शकतो.

सगळ्या जनावरांचं असं नाही. खालच्या गाई फार उंचावर नेल्या तर काहींच्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळून हृदयावर ताण येतो, गळ्याखालची पोळी सुजते. याकला तो त्रास नाही.

तेवढी दुरुस्ती छापा ही विनंती. वेफर्सचं पाकीट पुण्यात परत आल्यावर आपोआप होतं तसं झालं, मग फोडून खाल्लं.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे