अर्धीच वाचलेली ‘ओडिसी’

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत तीस वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि सध्या सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीत मुलाकडे आले आहे. माझी नात इथे नववीत आहे. तिच्या इंग्रजीच्या वर्गात या सत्रात प्राचीन ग्रीक कवी होमर याची ‘ओडिसी’ चालू होती. ट्रॉयच्या युद्धावरून इथाका या आपल्या बेटावर परतणाऱ्या ओडिसियस राजाची ही काव्यकथा. आपल्या वाचकांपैकी अनेकांची नातवंडे अमेरिकेत शिकतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना याच वयात हे काव्य अभ्यासावे लागते. म्हणून हे पत्र मी इथल्या एखाद्या इंग्रजी दैनिकाला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

इंग्रजीच्या तासाला ग्रीक काव्य कशासाठी, असे माझ्या सुनेच्या एका मैत्रिणीने विचारले होते. तो आक्षेप मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. जॉर्ज चॅपमन यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी होमर इंग्रजीत आणला, तेव्हापासून चारशे वर्षे हे काव्य इंग्रजीत पुन्हा पुन्हा लिहिले जात आहे आणि आता ते त्या भाषेच्या घरातलेच झाले आहे. कॉमन कोअर या नावाने 2010 साली जे शैक्षणिक निकष प्रसिद्ध झाले, त्यांच्या नमुना-पुस्तकांच्या यादीतही नववी-दहावीसाठी ‘ओडिसी’ आहे, तीही रॉबर्ट फेगल्स यांच्या भाषांतरातली. तेव्हा हे काव्य शिकवू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. ते अर्धे शिकवले जाते, आणि नेमके जे अर्धे गाळले जाते त्यावाचून पहिल्या अर्ध्याचा अर्थ लागत नाही, ही माझी तक्रार आहे.

नातीच्या वर्गात पाच आठवडे हे काव्य चालले. पुस्तक म्हणजे वेचे एकत्र बांधलेला, दप्तरात जेमतेम मावणारा एक जाडजूड ग्रंथ. त्यात एकडोळ्या राक्षस पॉलिफिमस आहे, माणसांची डुकरे करणारी सर्सी आहे, सायरनांचे गाणे आहे, सहा तोंडांची सिला आहे. त्यानंतर चार ओळींचा गद्य सारांश येतो, मग धनुष्याची परीक्षा, ओडिसियसची पत्नी पेनेलोपी हिच्याशी लग्न करू पाहणाऱ्या वरांचा संहार, आणि पती-पत्नीची भेट. सोबत एक छापील तक्ता दिला होता, त्यात नायकाच्या प्रवासाचे टप्पे भरायचे होते. नातीने तो नीटनेटका भरला आणि तिला पूर्ण गुणही मिळाले. पाच आठवड्यांपैकी तीन या राक्षस-चेटकिणींवर गेले. मूळ काव्याचे सर्ग चोवीस. भटकंतीची ही अद्भुते नवव्यापासून बाराव्यापर्यंतच्या चार सर्गांत आहेत. बारा हजारांहून थोड्या अधिक ओळींपैकी जेमतेम सव्वादोन हजार. तेराव्या सर्गाच्या आरंभीच ओडिसियस झोपेत इथाकाच्या किनाऱ्यावर उतरवला जातो. म्हणजे निम्मे काव्य तो घरी पोहोचल्यानंतरचे आहे, आणि वर्गाने त्यातले दोन-तीन तुकडे तेवढे चाखले.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. एका संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते आणि नात समोर बसून पॉलिफिमसचा प्रसंग मोठ्याने वाचत होती. ओडिसियस आपले नाव ‘कुणी नाही’ असे सांगतो आणि आंधळा झालेला राक्षस शेजाऱ्यांना ओरडून सांगतो की ‘कुणी नाही’ मला मारतो आहे, तिथे ती खूप हसली आणि मग एकदम थांबून म्हणाली, “आजी, पण हे सगळं तोच सांगतोय ना?” अगदी खरे आहे. हे चारही सर्ग ओडिसियसने स्वतःच्या तोंडाने, अल्किनूस राजाच्या दरबारात, जेवणावळीनंतर सांगितलेली हकीकत आहे. ऐकणाऱ्यांकडून त्याला गलबत आणि नजराणे हवे आहेत, आणि त्याच्या शब्दाला दुजोरा देणारा एकही सोबती जिवंत उरलेला नाही.

असा माणूस कितपत खरे बोलतो, हे कळण्याची सोय होमरने पुढच्या सर्गांत करून ठेवली आहे. मायदेशी उतरल्यावर ओडिसियस पहिली गोष्ट करतो ती खोटे बोलण्याची. अथीना देवी धनगर पोराचे रूप घेऊन समोर येते, तर हा तिला सांगतो की मी क्रीटहून खून करून पळून आलो आहे; ती हसते आणि त्याला हाताने कुरवाळते. मग तो आपल्या इमानी वराहपालाला आणखी एक लांबलचक खोटी कहाणी सांगतो. एकोणिसाव्या सर्गात भिकाऱ्याच्या वेषात खुद्द पेनेलोपीसमोर बसून, मी तुझ्या नवऱ्याला एकदा पाहुणा म्हणून ठेवून घेतले होते, अशी थाप तो मारतो. ती ऐकून डोंगरावरचे बर्फ वितळावे तशी ती रडते, आणि याचे डोळे मात्र शिंगाचे किंवा लोखंडाचे असावेत तसे स्थिर राहतात. तो खऱ्यासारखे खोटे बोलला, असे कवी तिथे स्वतः सांगतो. हे वाचल्यावर नववीतला कोणताही विद्यार्थी मागे वळून पॉलिफिमसची गुहा पुन्हा तपासेल. सगळेच रचलेले होते असे मी म्हणत नाही, कारण पॉलिफिमसचा डोळा गेल्याचा उल्लेख पहिल्याच सर्गात देवांच्या सभेत होतो. पण निवेदकावर किती विश्वास ठेवावा हा प्रश्न म्हणजे साहित्याच्या तासाचा गाभा आहे आणि तो इथे आयता मिळतो आहे. तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

शिक्षिकेला मी दोष देत नाही. उलट तिने एक गोष्ट फार चांगली केली. पहिल्याच दिवशी तिने काव्याच्या आरंभाची चार भाषांतरे एका कागदावर छापून वाटली आणि नायकासाठी पहिल्याच ओळीत आलेले विशेषण मुलांना शोधायला लावले. मूळ ग्रीक शब्द ‘पॉलिट्रोपॉस’, म्हणजे पुष्कळ वळणांचा. फेगल्स यांनी तो वळणावाकणांचा माणूस असा केला आहे, तर एमिली विल्सन यांनी 2017 साली सरळ ‘कॉम्प्लिकेटेड’ म्हटले. वळणे वाटेची की स्वभावाची, यावर वर्गात अर्धा तास वाद झाला, असे नातीने सांगितले. चौदा वर्षांच्या मुलांनी एका विशेषणावर अर्धा तास भांडावे, हे मला तीस वर्षांत एकदाही साधले नव्हते.

हीच रीत बाविसाव्या सर्गाला लावली असती तर काय झाले असते? एकशे आठ वरांचा संहार झाल्यावर घरातल्या पन्नास दासींपैकी बारा जणी वरांशी संग करणाऱ्या म्हणून वेगळ्या काढल्या जातात. त्यांना आधी प्रेते बाहेर वाहायला लावतात, स्पंजांनी मेज-खुर्च्या धुवायला लावतात. ओडिसियसने त्यांना तलवारीने मारायला सांगितलेले असते, पण त्याचा मुलगा टेलेमाकस म्हणतो की यांना स्वच्छ मरण द्यायचे नाही, आणि गलबताचा दोर बांधून त्यांना ओळीने फासावर लटकवतो. होमर त्यांना रात्रीच्या मुक्कामाला निघालेल्या आणि फाशात सापडलेल्या पाखरांची उपमा देतो. त्यांचे पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही, एवढेच म्हणतो आणि पुढे जातो. टेलेमाकसच्या त्या वाक्यात मूळ ग्रीकमध्ये शिवी नाही. ‘ज्यांनी’ माझी आणि आईची निंदा केली, ‘ज्या’ वरांपाशी निजल्या, असे साधे सर्वनाम आहे. फेगल्स यांच्या भाषांतरात तिथे वेश्या म्हणून हिणवणारे शब्द येतात. विल्सन यांनी ते गाळले आणि त्यावर जाहीरपणे लिहिलेही. विकत घेतलेल्या दासीला नाही म्हणण्याची मुभा होती का, हा प्रश्न दोन भाषांतरे शेजारी ठेवली की विद्यार्थी आपोआप विचारतो.

वय लहान आहे म्हणून हा भाग वगळला, असे कारण मुलाने शिक्षक-पालक भेटीत विचारले तेव्हा मिळाले. मला ते पटत नाही. त्याच मुलांनी तापवून लाल केलेला ऑलिव्हचा सोट राक्षसाच्या डोळ्यात फिरवलेला वाचला, त्यावर चित्रे काढली आणि ती वर्गात भिंतीवर लावली. पुस्तकात मारणाऱ्याचा पराक्रम उरला आणि त्याच्या घरात मेलेल्या मुली तेवढ्या नाहीशा झाल्या. वेळ पुरत नाही, हे दुसरे कारण जास्त प्रामाणिक आहे. त्यावर माझे एवढेच सुचवणे आहे की सर्सी आणि सिला यांना गद्य सारांशात ढकलावे, पॉलिफिमस ठेवावा, आणि वाचलेल्या दिवसांत तेरावा, एकोणिसावा आणि बाविसावा हे सर्ग अखंड वाचावेत. जमले तर सतराव्यातला आर्गोस कुत्राही घ्यावा, जो उकिरड्यावर पडल्या पडल्या वीस वर्षांनी आलेल्या धन्याला ओळखून शेपूट हलवतो आणि प्राण सोडतो. युधिष्ठिराच्या कुत्र्याची आठवण मला तिथे आली, पण नातीला मी ती सांगितली नाही. दोन्ही काव्ये सारखीच, असा सोपा निष्कर्ष तिने काढला असता.

माझे वडील चातुर्मासात श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’ वाचत. चौसष्ट अध्याय, रोज ठरलेले वाचन, ऐकणारे निम्मे पेंगत. तरी द्यूताचा अध्याय मुलांसमोर नको किंवा शेवटचा संहार फार झाला म्हणून पाने उलटली, असे कधी घडले नाही. अठराव्या शतकातली पोथी ऐकणारी आमच्या गल्लीतली अडाणी बायामाणसे जे पेलत होती, ते इथल्या मुलांना पेलणार नाही, असे मानायला मी तयार नाही.

इथल्या मराठी आजी-आजोबांना एक विनंती आहे. वेच्यांच्या ग्रंथावर न थांबता गावातल्या सार्वजनिक वाचनालयातून पूर्ण भाषांतर आणावे. विल्सन यांचे मूळ काव्याइतक्याच ओळींचे आहे आणि मोठ्याने वाचायला सोपे जाते. माझ्यासारख्या मराठी कानालाही अडले नाही. आम्ही दोघी रोज रात्री जेवणानंतर एकेक सर्ग वाचतो. काल तेविसावा झाला. पलंग बाहेर काढून द्या, असे पेनेलोपी सहज म्हणते आणि आयुष्यभर दुसऱ्यांना फसवलेला हा माणूस तिथे फसून संतापतो, कारण तो पलंग त्याने जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या बुंध्यातून घडवलेला असतो, हलवताच येत नाही. “तिनं त्याला त्याच्याच पद्धतीनं पकडलं,” असे नात म्हणाली. आता चोविसावा उरला आहे. त्यात ओडिसियस आपल्या थकलेल्या बापालाही आधी खोटेच सांगतो, तेही वरांच्या संहारानंतर, जेव्हा लपण्याचे काहीच कारण राहिलेले नसते. ते का, हे तिला तिच्या शिक्षिकेला विचारायचे आहे. वर्गात तो धडा मात्र मागच्या शुक्रवारीच संपला.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
सातारा, सध्या मुक्काम न्यू जर्सी