हक्कपत्र दिले, पण परवान्याचे पुस्तक कुठे?

मा. संपादक,

तेंदूच्या (विडीच्या पानांच्या) लिलावाचे दिवस आले की पूर्व विदर्भातल्या ग्रामसभांच्या लाखो रुपयांच्या उत्पन्नाच्या बातम्या झळकू लागतात. वाचकाचा समज होतो की सामूहिक वनहक्काचे (गावाच्या जंगलावरील कायदेशीर हक्काचे) काम हक्कपत्र वाटले त्याच दिवशी संपले. घोडे पेंड खाते ते त्यानंतर.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाची) मालकी गावाला दिली आणि व्याख्येत बांबू, तेंदू, मध, लाख नावानिशी घातले. तरीही मेंढा-लेखा (ता. धानोरा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरचे हक्कपत्र मिळूनही स्वतःचा बांबू बाहेर पाठवायला एप्रिल २०११ उजाडला. तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले तेव्हा गाडी हलली. १९२७ च्या वन कायद्यात बांबू ‘झाड’ होता, म्हणजे तोडल्यावर तो लाकडात मोडे, एवढ्यावर सारे अडले होते. २०१७ च्या दुरुस्तीने ही अडचण गेली असे अनेक जण सांगतात. ते चूक आहे. ती दुरुस्ती वनाबाहेरच्या जमिनीवरील बांबूपुरती आहे. जंगलातल्या बांबूला आजही परवाना लागतो.

हा परवाना द्यायचा कोणी, हे सप्टेंबर २०१२ च्या सुधारित नियमांनी स्पष्ट केले आहे: ग्रामसभेने नेमलेली व्यवस्थापन समिती किंवा ग्रामसभेने अधिकार दिलेली व्यक्ती. स्वामित्वशुल्क किंवा इतर आकारही घेता येत नाही. प्रत्यक्षात ट्रक वन तपासणी नाक्यावर अडतो तो साध्या कारणांनी. सही कोणाची चालेल याचा ठराव झालेला नसतो, झाला तरी त्या सहीचा नमुना नाक्यावर पोचलेला नसतो, किंवा परवान्यावर कक्ष (जंगलाचा विभाग) क्रमांक आणि नगसंख्या लिहिलेली नसते. अनुक्रमांक असलेले पुस्तक, कक्ष क्रमांक, नग, गाडीचा नंबर, कुठून कुठे, मुदतीची तारीख व वेळ, सही-शिक्का आणि गावाकडे राहणारी स्थळप्रत, एवढे नेटके असले की अडवणाऱ्याला सबब उरत नाही. एक रात्र नाक्यावर उभ्या राहिलेल्या ट्रकचे भाडे व्यापारी पुढच्या वर्षीच्या भावातून वळते करतो, हे विसरू नये.

दुसरा घोळ बँक खात्याचा. गट ग्रामपंचायतीत चार-पाच गावे असतात, पण हक्क गावाच्या किंवा पाड्याच्या ग्रामसभेचा असतो. पैसे ग्रामपंचायतीच्या खात्यात जमा झाले की ते परत मिळवताना नाकी नऊ येतात. ग्रामसभेचे स्वतंत्र खाते आणि पॅन लिलावाआधीच हवे.

तेंदूच्या करारात सगळे डोळे दरावर असतात. ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे ७० हजार पाने. दर गोणीमागे चांगला मिळाला तरी हप्ते कधी, हा खरा प्रश्न. गोदामातून माल उचलण्याआधी त्या मालाचा हप्ता खात्यावर जमा, हे कलम नसेल तर पाने गेल्यावर ग्रामसभेच्या हाती नुसता करारनामा उरतो. फळीवर (पुडे जमा करण्याच्या जागी) मोजणी झाल्यानंतर अवकाळी पावसाने पुडे भिजले तर नुकसान कोणाचे, हेही आधीच लिहून घ्यावे. आणि पाने तोडणाऱ्या बहुतेक बायका असताना मजुरी नवऱ्याच्या खात्यावर का जावी?

गावाच्या हाती दिले तर बांबूची तोड बेताल होईल, ही वन खात्याची शंका सगळीच खोटी नाही. बांबू तोडणारा नगावर मजुरी घेतो, त्यामुळे त्याचा कोयता बेटाच्या कडेच्या, हाताशी येणाऱ्या कोवळ्या बांबूवर आधी पडतो. जुने मधेच अडकून राहतात, बेट गच्च होते आणि नवे कोंब वाकडे येतात. म्हणून तीन वर्षांवरचेच बांबू, जमिनीपासून वीतभर उंचीवर, गाठीच्या लगेच वर तोडायचे. कांड्यात मधेच तोडले तर खुंटात पाणी साचून तो कुजतो. पावसाळ्यात, कोंब फुटत असताना तोड बंद. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर तेंदू तोडणेच थांबवले, कारण कोवळ्या पानांसाठी झुडपे छाटतात, आगी लावतात आणि टेंभरे (तेंदूची फळे) धरत नाहीत. बांबूच्या उत्पन्नावर भागवू, असे त्या गावाने ठरवले. हाती येणारा पैसा जंगलासाठी सोडायचा हा निर्णय गावाने स्वतःहून घेतला, वरून आलेल्या आदेशाने नव्हे.

असे निर्णय गावाच्या जंगल व्यवस्थापन आराखड्यात उतरले पाहिजेत. नियमांनुसार आराखडा ग्रामसभेची समिती करते आणि तो वन खात्याच्या कार्य आयोजनेशी (खात्याच्या स्वतःच्या आराखड्याशी) जोडताना कोणते बदल करायचे हेही समितीच ठरवते. ग्रामसभेच्या सभेला निम्मे सभासद आणि हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश महिला हव्यात. म्हणून ही सभा लोक कामासाठी बाहेरगावी गेल्यावर लावू नये, नाहीतर गणपूर्तीअभावी सगळे वर्ष वाया जाते.

वनहक्क मान्य करणाऱ्या जिल्हास्तरीय समितीकडे मागणे तीनच आहेत. वनात राहणाऱ्यांच्या ज्या गावांचा सामूहिक वनसंपत्तीचा हक्क अजून मान्य झालेला नाही, त्यांची कारणे नियम १२-ब नुसार समितीच्या सचिवांनी नोंदवायची असतात. ती यादी तालुक्याच्या फलकावर लावावी. दिलेल्या हक्कपत्रांची अधिकार अभिलेखात (जमिनीच्या सरकारी हक्कनोंदीत) नोंद करून उताऱ्याची प्रत ग्रामसभेला द्यावी. आणि अधिकृत सह्यांचे नमुने तेंदूची तोड सुरू होण्याआधी प्रत्येक वन तपासणी नाक्यावर पोचवावेत.

– एक वाचक, जि. गडचिरोली