दह्याचा गुण कढीत उतरत नाही

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला दूध न पचणाऱ्यांसाठीचा लेख वाचला. दही खा हा सल्ला बरोबर, पण त्यामागचं कारण चुकलं आणि त्यामुळे शेवटची चौकटही चुकली. ‘विरजताना सगळं लॅक्टोज आंबून जातं, म्हणून दही, कढी, टिकाऊ पाकिटातलं दही, काहीही चालेल’ असं तिथे छापलंय. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर; ती न पचल्यानेच हा त्रास होतो.

सगळं कुठे जातं? जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा जातो. 100 ग्रॅम दह्यात 3-4 ग्रॅम लॅक्टोज उरतंच. तरी दही सोसतं, कारण त्यातल्या जिवंत जिवाणूंच्या पोटात लॅक्टोज फोडणारं विकर (एन्झाइम) असतं. जिवाणूच्या आवरणामुळे ते जठरातल्या आम्लातून वाचतं. पुढे लहान आतड्यात पित्ताने आवरण सैल झालं की विकर कामाला लागतं. शिवाय घट्ट दही जठरातून दुधापेक्षा सावकाश उतरतं. 1984 मध्ये अमेरिकेत झालेल्या चाचणीत 18 ग्रॅम लॅक्टोज दह्यातून दिलं, तेव्हा श्वासातला हायड्रोजन दुधाच्या मानाने तिसरा हिस्साच भरला. हा हायड्रोजन न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबल्यामुळे होतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही 2010 मध्ये हा गुण मान्य केला, पण दर ग्रॅमला किमान 10 कोटी जिवंत जिवाणू हवेत या अटीवर.

कढीला उकळी फुटली की जिवाणू मेले, विकरही गेलं. लॅक्टोज मात्र तसंच राहिलं. वाटीभर दह्यात दोन वाट्या पाणी घातलेली कढी अनेकांना सोसते ती पाण्यामुळे: वाटीमागे जेमतेम 2 ग्रॅम लॅक्टोज पडतं. तेवढ्यावर विसंबून कुणी आटवलेल्या दुधाच्या घट्ट दह्याची कढी दोन वाट्या प्यायलं, तर पोट फुगू शकतं. विरजल्यानंतर पुन्हा तापवून टिकाऊ केलेल्या दह्याचंही तेच. पाकिटावर ‘जिवंत जिवाणू’ लिहिलंय का, एवढं एक वाक्य तरी लेखात हवं होतं. श्रीखंडाची गोष्ट वेगळी. चक्का टांगला की निवळीबरोबर बरंच लॅक्टोज निथळून जातं. त्याचा लेखात उल्लेखही नाही!

आणखी एक, आणि हे जास्त गंभीर आहे. लेखात ‘दुधाची अ‍ॅलर्जी’ हा शब्द लॅक्टोज न पचण्याच्या त्रासासाठी तीनदा आलाय. अ‍ॅलर्जी दुधातल्या प्रथिनांची असते, आणि ती प्रथिनं दह्यातही असतात. अशा मुलाला लेख वाचून कुणी दही भरवलं, तर अंगावर गांधी उठण्यापासून श्वास अडकण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. ही दुरुस्ती पुढच्या पुरवणीपर्यंत थांबवू नका, उद्याच्याच अंकात छापा.

आपली,
एक आहारतज्ज्ञ वाचक, सातारा